वडिलांची दाढी : चिंचवड ते चाकण

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी हात थरथरणारे किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस आहे. त्यांच्या गोळ्या, पथ्य आणि तपासण्यांविषयी आपण मला नेहमी विचारता. त्यांची दाढी कोण करतो आणि ती केल्यावर त्यांच्या गळ्याची आग का होते, हे मात्र गेल्या तीस वर्षांत मला फार थोड्यांनी विचारले. माझ्या स्वतःच्या घरी हा प्रश्न उभा राहीपर्यंत मीही त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आता ८४ वर्षांचे आहेत. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून ते निवृत्त झाले. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे सावरले, चालणे काठीवर आले. पण उजवा हात परतला नाही आणि उजवा गाल किंचित ओघळला. दाढीचे काम माझ्याकडे आले. दवाखान्याची वेळ गाठण्याच्या घाईत मी रोज सकाळी त्यांच्या कोरड्याच गालावर फेस फासून तीन पात्यांचा रेझर ओढत असे. गळा गुळगुळीत व्हावा म्हणून तिथे खालून वर, तेही दोन-दोनदा. आठ-दहा दिवसांत त्यांच्या गळ्यावर लाल पुटकुळ्या उठल्या आणि कॉलरच्या कडेला कातडी सोलवटली. एके दिवशी मी पाण्याची वाटी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले. "राहू दे. वाढू दे दाढी. आता कुणाला भेटायला जायचंय?"

ते रोज संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यांच्या कट्ट्यावर जात असत. त्या दिवसापासून तेही थांबले. झटक्यातून उठलेल्या माणसाच्या तोंडचे असे वाक्य पुढे कुठवर जाते, हे मी इतरांच्या घरी पुष्कळदा पाहिले आहे. पंधरा दिवस मी समजूत घातली. अखेर त्यांनी अट सांगितली : दाढी होईल तर वस्तऱ्याने, आणि त्याच्यासारखी. 'तो' म्हणजे चिंचवडगावातला कारागीर, ज्याने चाळीस वर्षे दर रविवारी अण्णांची दाढी केली होती.

एका गुरुवारी दवाखाना बंद ठेवून मी शिकायला निघालो.

चापेकर चौकातली वाहनांची गर्दी मागे टाकून पवनेच्या दिशेने उतरू लागले की आपले हे औद्योगिक शहर एकाएकी जुने होते. मोरया गोसावींच्या संजीवन समाधीकडे जाणारी वाट, हार-दुर्वांच्या टोपल्या, अरुंद बोळ, आणि त्यात कुठे कुठे उरलेली लाकडी दारांची दुकाने. दोन खुर्च्यांचे हे केशकर्तनालय त्यांपैकीच एक. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर. आपल्याच व्यवसायातल्या साधनांची रूपके करून अभंग रचणारा हा वारकरी संत कोणत्याही जुन्या नाभिकाच्या दुकानात आपल्याला भेटतो. तसबिरीखाली काका बसले होते. मी लहानपणी याच दुकानात आडव्या फळीवर बसून केस कापून घेत असे.

"अण्णांकडे का येत नाही, ते विचारायला आलात ना?" त्यांनीच सुरुवात केली. समोरची चहाची बशी त्यांनी उचलून दाखवली. ती कपावर आपटत राहिली. "बशी धरवत नाही, डॉक्टर. त्यांचा गळा कसा धरू?"

मी शिकायला आलो आहे असे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खणातून जुनी धोकटी काढली. त्यात अखंड पात्याचा, काळ्या मुठीचा वस्तरा होता. निसण्यावर धार लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर परजायची, आणि मग सकाळभर तोच वस्तरा अनेक चेहऱ्यांवरून फिरायचा, अशी पूर्वीची रीत. तिच्याविषयी मला एक डॉक्टर म्हणून कसलाही जिव्हाळा नाही. कावीळ ब आणि क यांचे विषाणू तसेच एचआयव्ही एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाण्यास एक न दिसणारी जखम पुरते. आज दुकानांतून अर्धे ब्लेड बसवण्याचा वस्तरा वापरतात. आपण दुकानात जात असाल तर नवे ब्लेड आपल्यासमोर मोडून बसवायला सांगा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. तुरटीच्या खड्याचेही तसेच. सर्वांच्या गालावरून फिरणारा एकच खडा नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. घरून आपला खडा आणि आपला पंचा न्यावा.

काकांनीही तो जुना वस्तरा मला दाखवला फक्त. हातात दिला नाही. "आधी हात रिकामा ठेवा. डोळे मिटा आणि माझ्या गालावर बोटं फिरवा."

त्यांची दाढी दोन दिवसांची होती. गालावर वरून खाली बोटे सहज सरकली. खालून वर नेताच खुंट टोचले. यातली पहिली दिशा सुलट, दुसरी उलट. हे मला ठाऊकच होते, असे मी मनात म्हणालो. मग बोटे जबड्याखाली उतरली आणि सारेच उलटेपालटे झाले. कंठमण्याच्या खाली केस खालून वर वाढलेले, डाव्या जबड्याखाली चक्क आडवे, कानामागच्या बाजूला एक लहानसा भोवरा. वाचकहो, तीस वर्षे मी लोकांच्या गळ्यावर बोटे फिरवून गाठी तपासत आलो आहे. केसांचा रोख मला एकदाही जाणवला नव्हता.

"प्रत्येकाचा गळा निराळा," काका म्हणाले. "अण्णांचा मी सांगू शकेन. पण तुम्हीच शोधा."

अण्णांच्या गळ्यावर मी काय केले होते, ते तिथे खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले. केस उलट दिशेने, कातडी ताणून कापला की त्याचे टोक तिरपे, टोकदार होते आणि ताण सुटताच ते कातडीच्या आत जाऊन बसते. दोन-तीन दिवसांत वाढणारा तो केस वर येण्याऐवजी आतल्या आतच कातडीला टोचू लागतो. शरीर त्याला परका समजून तिथे सूज आणते. हीच ती लाल पुटकुळी. कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास अधिक होतो. अनेक पात्यांचा रेझर एकाच ओढीत तोच केस दोन-तीनदा कापतो, त्यामुळे धोका वाढतो. शिवाय वृद्धांची त्वचा पातळ असते, तिच्यातले तेल कमी झालेले असते, ती सैल पडून तिला घड्या पडतात, आणि सोलवटलेली जागा भरून यायला तरुणपणापेक्षा अधिक दिवस लागतात. मधुमेह असेल तर त्याहूनही अधिक.

निघता निघता काकांनी वारीची गोष्ट सांगितली. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्काम करते. आपल्या परिसरातले नाभिक बांधव तेव्हा वारकऱ्यांची विनामूल्य दाढी-कटिंग करतात. काकांनीही अनेक वर्षे ही सेवा केली. "एकाचीही उलटी दाढी केली नाही. कुणी मागितली तरी नाही. त्यांना पंढरपूरपर्यंत घामात चालायचं असतं. सोललेल्या गळ्यावर घाम उतरला तर माणूस विठ्ठलाचं नाव घेईल की माझं?"

हात चालवायला शिकण्यासाठी त्यांनी मला चाकणला पुतण्याकडे धाडले. त्याचे दुकान भल्या सकाळी उघडते, म्हणून मी दुसऱ्या गुरुवारी पहाटेच गाडी काढली.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरीत शिरले की हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा परिसर लागतो. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आमच्या लहानपणी अण्णा इथल्या कामाचे महत्त्व पटवून देण्यासाठी एका इंग्रज उमरावाची गोष्ट सांगत. तुतनखामेनच्या कबरीचे उत्खनन ज्याच्या पैशाने झाले, तो लॉर्ड कार्नार्व्हन. १९२३ साली इजिप्तमध्ये त्याच्या गालावर डास चावला, दाढी करताना त्यावर वस्तरा लागला, जखम चिघळली, रक्तात विष भिनले आणि एप्रिलमध्ये कैरो इथे तो मरण पावला. वर्तमानपत्रांनी ममीचा शाप म्हणून गहजब केला. अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिनची बुरशी दिसायला अजून पाच वर्षे अवकाश होता. "शाप कसला, औषध नव्हतं," असे म्हणून अण्णा गोष्ट संपवत. त्या भिंतीजवळून जाताना, ज्याने उभी हयात हे औषध बनवण्यात घालवली त्याच्याच गळ्यावर आपण वस्तरा धरणार आहोत, या विचाराने माझ्या हाताला घाम फुटला, हे कबूल करतो.

नाशिक फाट्याला वळून भोसरी, मग मोशी. पुढे इंद्रायणी ओलांडावी लागते. याच नदीवर खाली आळंदीला रासायनिक सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगताना आपण छायाचित्रांत पाहिला असेल. त्यात स्नान करून अंगाला खाज सुटलेले रुग्ण मी तपासले आहेत. त्याविषयी पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. चाकणची वाहतूक कोंडी पहाटेही असते, तिच्याविषयी मात्र न लिहिलेलेच बरे. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेला जिथे सुमारे दोन महिने रोखून धरले, तो संग्रामदुर्ग इथलाच. आता कांदा-बटाट्याच्या गाड्या आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकींना रोखून धरतात.

आंबेठाण चौकापासून थोडे आत पुतण्याचे दुकान आहे. रात्रपाळी सुटलेली मुले रांगेत बसली होती : कोणी मराठवाड्यातला, कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा. झोपेने डोळे जड झालेले. मी कोपऱ्यात बसून तासभर गळे पाहिले. निम्म्यांच्या जबड्याखाली त्याच लाल पुटकुळ्या होत्या. दोघांना दाढीत नायटा होता आणि दोघांनीही औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावून तो पसरवला होता. आपल्या घरी कोणाच्याही चेहऱ्यावर असे मलम डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका. खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आत फोफावते.

पुतण्याने मला एक फुगा फुगवून दिला. त्याच्यावर ब्रशने साबणाचा फेस लावला आणि ब्लेड बसवलेला वस्तरा माझ्या हाती दिला. "सर, फेस काढायचा. फुगा राहिला पाहिजे."

पहिला फुगा तिसऱ्या ओढीला फुटला. रांगेतली मुले जागी झाली. दुसराही फुटला. तेव्हा त्याने माझे मनगट धरले. "तुम्ही दाबताय. त्याच्या वजनानं जाऊ द्या." वस्तरा सपाट धरला की केस ओढला जातो, उभा धरला की कातडी खरवडली जाते. पाते आणि त्वचा यांत साधारण ३० अंशांचा कोन राहावा, म्हणजे काटकोनाचा तिसरा हिस्सा. ओढ लहान असावी, बोट-दीड बोटाची. आणि पाते नेहमी धारेच्या काटकोनात पुढे जावे. सुरीने भाजी चिरताना हात जसा आडवा सरकतो तसा तो किंचितही सरकला तर कापलेच म्हणून समजा. माझे दोन्ही फुगे त्यानेच फुटले होते. पाचवा फुगा मी आख्खा परत केला. एका मुलाने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तीन आठवडे मी स्वतःच्या गालावर सराव केला. आपणापैकी कोणाला वस्तरा शिकायचाच असेल तर हा टप्पा गाळू नका. पहिला आठवडा केवळ गाल, दुसऱ्यात कल्ले आणि जबड्याची कड, तिसऱ्यात गळा. हनुवटी आणि वरचा ओठ सर्वांत शेवटी. आणि हेही स्पष्ट सांगतो की सर्वांच्या घरी वस्तरा नको. वॉरफेरिनसारखे रक्त गोठू न देणारे औषध चालू असेल, रक्तातील प्लेटलेट्स कमी असतील, कंपवातामुळे मान हलत असेल, किंवा विस्मरणाच्या आजारात माणूस मध्येच दचकून उठत असेल, तर विजेचा ट्रिमर घ्या आणि खुंट थोडे राहू द्या. अण्णा क्लोपिडोग्रेल घेतात. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारूनच मी पुढे गेलो. दाढीत रक्त येते म्हणून अशी गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये. गालावरचा थेंब परवडतो, दुसरा झटका परवडत नाही.

तोवर अण्णांचा गळा महिनाभर विश्रांती घेऊन निवळला होता. या काळात मी त्याला काहीही केले नाही. दिवसातून दोनदा गार पाण्याची ओली घडी, आणि रात्री वासविरहित साधे मॉइश्चरायझर. आत गेलेले केस सुईने टोकरण्याचा मोह आपण टाळावा. पू, ताप किंवा पसरत जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातले केसतूड कधीही दाबू नये.

मग एका रविवारी सकाळी खिडकीपाशी खुर्ची मांडली. अण्णांच्या डोक्यामागे भिंतीला उशी लावली. आडवे झोपवून दाढी करू नका. फेस किंवा पाणी घशात जाऊ शकते. कवळी तोंडात राहू दिली, कारण तिच्यामुळे गाल भरलेला राहतो. गरम पाण्यात पिळलेला पंचा आधी माझ्या मनगटावर, मग त्यांच्या डाव्या गालावर लावून पाहिला. उजव्या गालाला गरम-थंड नीट कळत नाही, तो भाजला तरी ते सांगू शकणार नाहीत. पंचा तीन मिनिटे ठेवला. मागे मी गाळलेली पायरी हीच होती. पाणी शोषून केस फुगतो, मऊ होतो, आणि मग पात्याला जोर करावा लागत नाही. फेस ब्रशने गोल फिरवून लावला. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना तुरटी चोळली, म्हणजे ओली कातडी निसटत नाही. त्यांचा ओघळलेला गाल कानाच्या दिशेने वर धरला, त्यावरचा जुना तीळ कुठे आहे ते पाहून घेतले, आणि वस्तरा त्याच्या वजनाने खाली येऊ दिला.

केस कापला जाताना खर्रर्र असा बारीक आवाज येतो. अण्णांनी डोळे मिटले.

उजव्या ओठाच्या कोपऱ्यापाशी एक जागा लागलीच. रक्ताचा लहान थेंब आला आणि माझा हात थांबला. स्वच्छ फडक्याची घडी दाबून धरली, घड्याळात दहा मिनिटे, मध्ये एकदाही उचलून न पाहता. रक्त पातळ ठेवणारी गोळी असली की हा धीर धरावाच लागतो. मग तुरटी ओली करून टेकवली. "पेनिसिलिन आहे ना घरात?" अण्णांनी डोळे न उघडता विचारले. कित्येक आठवड्यांनी ते थट्टा करत होते.

त्या दिवशी मी फक्त दोन्ही गाल केले आणि गळ्यावर ट्रिमर फिरवला. नंतर गार पाणी, टिपून घेतलेला पंचा, चोळायचा नाही. झोंबणारे, अल्कोहोलचे आफ्टरशेव्ह मी घरातून काढून टाकले होते. दाढी आता एक दिवसाआड करतो. चौथ्या रविवारी गळ्याला हात घातला, सुलट, प्रत्येक ठिकाणी बोटांनी रोख पाहून, एकदाच. काकांनी न सांगितलेला अण्णांच्या गळ्याचा नकाशा आता माझ्या बोटांना पाठ आहे. डाव्या जबड्याखाली आडवे, कंठमण्याखाली वर, आणि उजवीकडे एक जागा अशी, की तिथे केस कुठे निघाले आहेत ते केसांनाही ठाऊक नसावे.

मागच्या पंधरवड्यात काका रिक्षाने घरी आले. पायऱ्या चढायला त्यांना बराच वेळ लागला. ते अण्णांसमोर बसले, त्यांनी थरथरणारा हात पुढे केला आणि बोटांची मागची बाजू अण्णांच्या गळ्यावरून हळूच फिरवली, एकदा खाली, एकदा वर.

"इथं राहिलेत रे थोडे," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच 'रे' म्हणाले.

"असू देत," अण्णा म्हणाले. "उलटी नको." आणि त्यांनी मला कट्ट्यावर जायचा सदरा मागितला.